हळदीचा दोरा आणि फादरांची अंगठी

शनिवार, ७ एप्रिल १९७९. सिंदी रेल्वे. सकाळी सव्वानऊ ते साडेअकरा.

हजर: फादर (वय पस्तीस, मूळचे केरळचे, सिंदीत दुसरं वर्ष). सिस्टर (मिशनची नन, दवाखान्यातली नर्स, वसईकडची). सोनार. सोनाराची आई. आणि मी. दवाखान्यातले केसपेपर, औषधांचा साठा आणि जे काम कुणाचंच नसतं ते सगळं माझ्याकडे होतं.

गैरहजर: गांधीलमाशी. तिचं काम आटोपून ती निघून गेली होती.

ही हजेरी मी आता आठवून लिहिलेली नाही, त्या वर्षीच्या वहीत ती आहे. वही ठेवायची सवय मला तेव्हापासून आहे आणि घरातले सगळे तिला हसतात. हसणारेच नंतर विचारायला येतात, गॅसचा नंबर कधी लावला होता म्हणून.

तर झालं असं. दुसऱ्या दिवशी झावळ्यांचा रविवार होता. ईस्टरच्या आधीच्या रविवारी प्रार्थनेला येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात एक झावळी द्यावी लागते, हे मला मिशनमध्ये नोकरीला लागल्यावर कळलं. फादरांच्या गावी त्यासाठी नारळाची झावळी घेत. आमच्याकडे नारळ फक्त दुकानात, तोही सोललेला. म्हणून नाल्याकाठच्या शिंदीच्या झावळ्या तोडायच्या. मी चौकीदाराला सांगून ठेवलं होतं, पण फादरांना स्वतः तोडायच्या होत्या. ते पहाटेच विळा घेऊन गेले. तिसऱ्या का चौथ्या झाडात गांधीलमाशांचं पोळं होतं. बाकीच्या माशा नुसत्या घोंगावल्या. एक मात्र नेमकी उजव्या हाताच्या करंगळीजवळच्या बोटावर बसली, आणि त्याच बोटात अंगठी होती.

अंगठी चांदीची, साधी, वर ना खडा ना नक्षी. ती मी रोज बघत असे, पण तिच्याबद्दल कधी विचारलं नव्हतं. सिस्टरच्या बोटातही तशीच होती. मला वाटायचं, यांच्याकडे सगळ्यांना देत असतील, आमच्या शाळेत बिल्ला देत तशी.

सव्वानऊला फादर दवाखान्यात आले तेव्हा बोट चांगलं फुगलं होतं आणि अंगठी मांसात रुतली होती. सिस्टरने साबण लावून पाहिला, खोबरेल लावून पाहिलं, माठातल्या पाण्यात हात बुडवून ठेवला. मी वेळ लिहीत होते. दहाला दहा मिनिटं असताना सिस्टर म्हणाली, "बोट निळं पडतंय. अंगठी कापायला लागेल."

"सोमवारपर्यंत थांबू," फादर म्हणाले.

"थांबू की. सोमवारी बोटच कापू."

सिस्टर फादरांपेक्षा वयाने बारा-तेरा वर्षांनी मोठी होती आणि त्यांच्याशी अशीच बोलायची. मी वही मिटली, दवाखान्याला कडी घातली आणि आम्ही तिघं सोनाराकडे निघालो.

सूज उतरावी म्हणून हात वर धरून चाला, असं सिस्टरने सांगितलं होतं. फादरांनी हात वर धरला. शनिवारी सकाळी रस्त्यावर बरीच वर्दळ. पांढरा झगा घातलेला माणूस हात उंच करून येतोय म्हटल्यावर जो तो थांबून हात जोडायला लागला. "राम राम फादरजी!" "जय हिंद फादरजी!" एका कापसाच्या गाडीवाल्याने बैल थांबवून नमस्कार केला. फादर प्रत्येकाला मान हलवून उत्तर देत होते आणि दात आवळून चालत होते. सोनाराचं दुकान येईपर्यंत आमच्या मागे चार बकऱ्या आणि एक भिक्षेकरी लागले होते.

सोनाराने आधी दोऱ्याची युक्ती केली. बारीक रेशमी दोरा बोटाभोवती नखापासून सांध्यापर्यंत घट्ट गुंडाळायचा, एक टोक अंगठीखालून काढायचं आणि मग हळूहळू उलगडत अंगठी वर सरकवायची. भल्याभल्यांच्या अंगठ्या अशा निघतात. ही सांध्यावर येऊन अडली. फादरांच्या कपाळावरून घाम ओघळला.

"कापा लागते," सोनार म्हणाला आणि त्याने बारीक आरी उचलली.

फादरांनी हात झटकन मागे घेतला.

सोनाराला वाटलं, चांदी वाया जाईल याची काळजी. "फादरजी, गुंजभरही चांदी नाई जात. मी झाळ देऊन पुन्हा जोडून देतो. कुठं कापली थे तुमाले दिसनार पन नाई."

"चांदीचं नाही," फादर म्हणाले.

आतल्या दाराशी सोनाराची आई गहू निवडत बसली होती. सत्तरीची असावी. दुकानातलं सगळं तिला तिथून दिसत असे आणि जे दिसे त्यावर ती बोलत असे. तिने सूप खाली ठेवलं. "बायकोनं देल्ली असन. जीव अडकते त्याच्यात."

"आजी, आम्ही लग्न करत नाही."

"मंग अंगठी कोनाची?"

फादरांची मराठी पुस्तकातली आणि बाजारातली अशी दोन्ही मिळून झालेली होती. अवघड बोलायची वेळ आली की ते पुस्तकात शिरत. "माझं वचन आहे, आजी. देवाला दिलेलं, आणि तुम्हा लोकांना. त्याची खूण म्हणून मी घालतो."

"आमच्यात नियम आहे," सिस्टर स्वतःचं बोट पुढे करून म्हणाली. "शेवटचं व्रत घेतलं की अंगठी. बिशपांनाही असते, ती पदाची. साध्या फादरांना काही सक्ती नाही. ही यांची हौस."

"हौस नाही," फादर म्हणाले. ते एवढ्या पटकन म्हणाले की सिस्टरही थबकली.

मग त्यांनी ते सांगितलं. आठ वर्षांपूर्वी चार मित्रांना एकाच दिवशी दीक्षा मिळाली. चौघांनी एकाच सोनाराकडून एकसारख्या चार अंगठ्या करून घेतल्या. कुणी सांगितलं नव्हतं, नियमही नव्हता. चौघे चार दिशांना जाणार होते, म्हणून. आता ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी सगळ्या फादरांनी नागपूरच्या मोठ्या चर्चमध्ये जमून बिशपांसमोर आपलं वचन पुन्हा म्हणायचं असतं. वर्षातून एकदा चौघे तिथेच भेटत. भेटले की आधी एकमेकांच्या बोटांकडे बघत.

"तर काय झालं?" सोनार म्हणाला. "सांगजा, अंगठी सोनाराकडे हाय म्हून. खरंच हाय नं!"

"आमच्यातला एक जण पहिल्या वर्षी हेच म्हणाला. सोनाराकडे आहे."

मी माझ्या परीने उपाय सुचवला. "मग बोटाला पट्टी बांधून जा. माशी चावली आहेच. विचारायचा प्रश्नच येणार नाही."

"दुसऱ्या वर्षी त्याच्या बोटाला पट्टी होती."

"आणि तिसऱ्या वर्षी?" सिस्टरने विचारलं.

"लग्नाची पत्रिका आली."

कुणी हसलं नाही. म्हणजे सोनार हसणार होता, पण आईकडे बघून थांबला. फादर बोटाकडे बघत म्हणाले, "आता आम्ही तिघे आहोत. मी गुरुवारी रिकाम्या बोटाने गेलो तर ते दोघे काही बोलणार नाहीत. फक्त बघतील. त्यांना वाटेल, हाही चालला. मला तेवढं नको आहे."

फादर हट्ट का करत होते ते तेव्हा मला कळलं. बोट वाचवायचं तर अंगठी कापायला हवी, आणि कापली तर पाच दिवसांत सांधा इतका उतरणार नाही की ती परत चढेल. सिस्टरने तसं स्पष्टच सांगितलं. सबब कोणतीही द्या, ती आधीच वापरून झालेली.

सोनाराची आई गुडघ्यावर हात टेकत उठली आणि दुकानात आली. "एवढंच नं? अरे, बाईची पोत तुटली, नाईतं मनी गाठवाले आली, तं बाई रिकाम्या गळ्यानं घरी जाते का?"

हे मला सांगायला नको होतं. माझं स्वतःचं मंगळसूत्र दोनदा गाठवून झालं होतं. सोनाराकडे पोत ठेवली की तोवर गळ्यात हळदीने पिवळा केलेला दोरा आणि त्यात हळकुंड बांधायचं. गावात कुणी ते बघितलं तर काहीच विचारत नाही. विचारलंच तर एवढंच, कोणत्या सोनाराकडे टाकली आणि कधी देतो म्हणाला.

"पन थे बायकांचं हाय, माय," सोनार म्हणाला.

"तू गप. वचन बायकाच देतात का?" आणि फादरांकडे वळून, "लेकरा, काप म्हनाव त्याले. मी तुले हळदीचा दोरा बांधून देतो. जो पाहीन त्याले समजन, वस्तू कामाले गेली, मानूस नाई गेला."

सिस्टर माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "नागपूरला कुणाला समजणार आहे? बिशपांसमोर हे हळकुंड लावून उभे राहणार!" मलाही तेच वाटत होतं. फादरांचं हसं होईल आणि ते ईस्टरभर तोंड पाडून बसतील, असा माझा हिशेब होता. मी पट्टीचं पुन्हा एकदा सुचवलं. कुणी ऐकलं नाही.

फादरांनी हात सोनाराच्या चौरंगावर ठेवला. "कापा."

दोन मिनिटांचं काम. अंगठीखाली पत्र्याची पातळ पट्टी सरकवली, म्हणजे आरी कातडीला लागू नये, आणि आरी चार-पाच वेळा फिरवताच अंगठी सुटली. पकडीने तिचे दोन ओठ फाकवून बोट मोकळं केलं. बोटावर पांढरा खोल वळ उमटला होता. आठ वर्षांत त्या जागेला ऊन लागलं नव्हतं.

म्हातारीकडे असे दोरे एका डब्यात तयारच असत, गिऱ्हाईक बायकांसाठी. अख्खं हळकुंड बोटाला कसं बांधणार, म्हणून तिने एक तुकडा मोडून घेतला, मुलाकडून त्याला भोक पाडून घेतलं आणि दोऱ्यात ओवला. दुखऱ्या बोटाला नको म्हणून शेजारच्या मधल्या बोटाला तीन गाठी मारून बांधला. "तुई वस्तू परत चढली की मीच सोडीन. तू सोडजो नको."

"नाही सोडणार, आजी."

दुकानातून परत जाताना फादरांनी हात खाली धरला होता. तरी लोक नमस्कार करतच होते.

रविवारी झावळ्या कमी पडल्या नाहीत. चौकीदाराला मी शुक्रवारीच वेगळ्या सांगून ठेवल्या होत्या, त्या कामाला आल्या. प्रार्थनेला रेल्वेतली चार कुटुंबं, दवाखान्यातल्या आम्ही दोघी आणि आसपासच्या गावांतले मिळून पंचवीस-तीस जण असतील. फादरांचं पिवळं बोट सगळ्यांनी पाहिलं. एका गार्डच्या बायकोने बाहेर आल्यावर मला विचारलं, फादरांच्या घरी कुणाचं लग्न आहे का. मी म्हटलं, "नाही, अंगठी दुरुस्तीला दिली आहे." ती म्हणाली, "अच्छा, अच्छा," आणि तिला खरंच पुढे काही विचारायचं नव्हतं. माझा पट्टीचा मुद्दा तिथे थोडा ढिला पडला.

सोमवारी अंगठी झाळ देऊन तयार होऊन आली. मी ती कापसात गुंडाळून, गोळ्यांच्या रिकाम्या डबीत घालून, वर चिठ्ठी लावून कपाटात ठेवली. बुधवारी संध्याकाळी चढवून पाहिली. सांध्यावर अडली. सिस्टर म्हणाली, अजून आठ दिवस.

गुरुवारी सकाळच्या पॅसेंजरने फादर आणि सिस्टर नागपूरला गेले. मी सामानाची यादी करून दिली: पांढरा झगा, त्यावर गळ्यात घालायचा पट्टा, डब्यात पोळ्या, पाण्याची सुरई आणि पवित्र तेल आणायच्या तीन रिकाम्या बाटल्या. त्या दिवशी बिशप तीन प्रकारचं तेल आशीर्वादित करतात आणि प्रत्येक जण आपापल्या गावाला घेऊन जातो. तिन्ही बाटल्यांवर दवाखान्याच्या पद्धतीने मी चिठ्ठ्या डकवल्या. चुकून "जेवणानंतर" असं कुठे छापलेलं राहिलं नाही ना, ते दोनदा पाहिलं.

पुढचं मी पाहिलेलं नाही. शुक्रवारी सिस्टरने दवाखान्याच्या पायरीवर बसून सांगितलं आणि फादरांनी मधूनमधून दुरुस्त केलं.

प्रार्थनेच्या आधी झगे घालायच्या खोलीत ते तिघे मित्र भेटले. दोघांनीही आधी बोट पाहिलं. पहिला दोऱ्याकडे वाकून बघायला लागला. दुसऱ्याने विचारलं, "हे काय?"

"मी म्हणालो, माझी अंगठी सोनाराकडे आहे," फादर सांगत होते. "तो म्हणाला, पुन्हा ते सुरू करू नकोस. मग मी दोऱ्याचं सांगितलं. आजीने काय सांगितलं ते सगळं."

"मग?"

"पहिला हसला. खूप हसला. तो पुण्याकडे शिकला आहे, त्याला हळकुंड माहीत होतं. म्हणाला, आता तू पक्का सवाष्ण झालास."

सिस्टरने हसू दाबलं. फादरांना त्या शब्दाचा अर्थ त्या खोलीतच कुणीतरी समजावून सांगितला होता आणि त्यांना तो आवडला होता.

"आणि दुसरा?"

फादर दोऱ्याशी खेळत होते. "दुसरा हसला नाही. प्रार्थना झाली, वचन म्हणून झालं, तेल घेऊन आम्ही बाहेर आलो. तेव्हा त्याने मला बाजूला घेतलं. त्याने हात खिशातून काढला. मी सकाळपासून पाहिलंच नव्हतं, त्याचा हात कधी खिशात, कधी झग्याच्या बाहीत होता. बोट रिकामं होतं. नाताळपासून अंगठी टेबलाच्या खणात आहे म्हणाला."

फादर सकाळपासून स्वतःच्या बोटाची काळजी करत होते, आणि ज्याच्या नजरेची काळजी करत होते त्याचंच बोट रिकामं होतं.

"त्याने मला विचारलं," फादर म्हणाले, "असा एक दोरा मला मिळेल का?"

ईस्टर झाल्यावर सोमवारी फादर स्वतः सोनाराकडे गेले. हिशेबाच्या वहीवर सही घ्यायला मी बरोबर होते, म्हणजे निमित्त ते होतं. फादरांनी म्हातारीला सगळं सांगितलं आणि मित्रासाठी दुसरा दोरा मागितला.

"त्याची कोन्या सोनाराकडे हाय?"

"सोनाराकडे नाही, आजी. त्याच्या खणात आहे."

"मोडली का?"

"नाही."

"बोट सुजलं का?"

"नाही."

म्हातारीने डब्याचं झाकण उघडलंच नाही. "मंग दोरा काऊन? दोरा वस्तू कामाले गेली तं बांधतात. घरी धड असलेली वस्तू खनात ठेवाची अन् गळ्यात हळकुंड मिरवाचं, असं आमच्यात नाई होत. त्याले म्हनाव, घाल. नाईतं नको घालू. पन दोरा नाई भेटत."

मला वाटलं फादर नाराज होतील. ते दुकानाच्या पायरीवर उभ्या उभ्याच खूप वेळ हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. त्या दुपारी त्यांनी मित्राला पत्र लिहिलं. म्हातारीचं वाक्य कसं लिहायचं ते मला दोनदा विचारलं. मराठी मजकूर मधोमध आणि बाजूला त्यांच्या भाषेत. पत्र मीच पोस्टात टाकलं. वहीत नोंद आहे.

एप्रिलच्या अखेरीस सांधा उतरला. अंगठी थोडी ओढूनताणून, पण चढली. म्हातारीने दोऱ्याच्या तिन्ही गाठी नखाने सोडल्या, दोरा तुळशीच्या कुंडीत टाकला आणि फादरांच्या तोंडात साखर घातली. सोनाराने जोड दाखवायचा प्रयत्न केला, तर त्याला स्वतःलाच तो सापडेना. या गोष्टीचा त्याला इतका अभिमान वाटला की पुढे वर्षभर तो गिऱ्हाइकांना फादरांची अंगठी बघून यायला सांगे.

फादर दुकानातून उतरल्यावर म्हातारीने मला मागे थांबवलं. "तू लिवतेस नं सगळं? मंग एक काम कर. त्या दुसऱ्याले लिव अन् विचार, घातली का नाई."

"फादरच विचारतील, आजी."

"थो नाई विचारनार. मित्र हाय त्याचा. तू विचार. तू तिऱ्हाईत."

तिचं बरोबर होतं. त्याच संध्याकाळी फादरांकडे मी विषय काढून पाहिला. ते म्हणाले, पत्राचं उत्तर आलं आहे, तब्येत बरी आहे, पाऊसपाण्याची चौकशी केली आहे. अंगठीबद्दल? त्यांनी मान हलवली. "असं विचारायचं नसतं आमच्यात." मी पत्ता मात्र मागून घेतला.

फादरांची दोन वर्षांनी बदली झाली. ते आता गोंदियाकडे असतात आणि नाताळला कार्ड पाठवतात. सिस्टर वसईला परत गेली. म्हातारी अजून आहे. ऐंशीच्या पुढे गेली, दिसायला कमी झालं आहे, पण माझी चप्पल ओळखते. दुकानावरून जाताना आतून आवाज येतो, "बाई! आलं का त्याचं उत्तर?"

मी म्हणते, "लिहिते, आजी."

दर जानेवारीला नवीन वही केली की मागच्या वर्षीची राहिलेली कामं मी पहिल्या पानावर उतरवून घेते. घराची कौलं, विम्याचा पत्ता, थोरल्याच्या दाखल्यावरची जन्मतारीख, असं एकेक करून सगळं खोडलं गेलं. हे एक दहा वर्षं उतरतंय. दोनदा पोस्टकार्ड घेऊन बसले. "आपल्याला ओळखत नाही, पण एक चौकशी करायची होती" इथवर येते आणि थांबते. एकदा वाटलं, पोस्टकार्ड पोस्टमन वाचतो, पाकीट घ्यावं. पाकीट घेतलं. मग वाटलं, आपण कोण विचारणार. मग वाटलं, नाही घातली असं उत्तर आलं तर म्हातारीला काय सांगायचं.

पाकिटावर पत्ता लिहून झाला आहे. तिकीटही लावलं आहे, जुन्या दराचं, वर आणखी एक लावावं लागेल. आतला कागद कोरा आहे.